काचपट्टीवरचे ऑक्साइड

नाशिक, चांदवड, मालेगाव या पट्ट्यातल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत गेल्या दोन दशकांत संशोधनाचा एक ठरावीक सरंजाम रुजला आहे. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, बीकर, हॉट प्लेट, मफल फर्नेस आणि कोपऱ्यात एखादा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर. क्ष-किरण विवर्तन आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यांच्यासाठी नमुने डबीत भरून पुण्याच्या किंवा जळगावच्या विद्यापीठाकडे पाठवायचे आणि आपला क्रमांक लागण्याची वाट पाहायची. एवढ्या भांडवलावर झिंक, टिन, निकेल, तांबे यांच्या ऑक्साइडचे थर बनतात. त्यांतून प्रकाश किती आरपार जातो, वीज किती वाहते, हे मोजले जाते आणि त्यावर प्रबंध उभे राहतात.

निर्वात कक्षात चालणाऱ्या स्पटरिंगसारख्या पद्धती महाविद्यालयांच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत, म्हणून रासायनिक मार्ग धरला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. द्रावणातून बसवलेला थर हा महागड्या थराची गरिबाघरची आवृत्ती नसतो. त्याची घडण वेगळी, त्यातल्या उणिवा वेगळ्या, आणि त्या उणिवांवरच त्याचे उपयोग उभे आहेत. या क्षेत्राचा आढावा घेताना हे ध्यानात ठेवले नाही, तर शेकडो निबंधांतले आकडे नुसते शेजारी शेजारी मांडून हाती काही लागत नाही.

विषय जुना आहे. १९०७ साली कार्ल बेडेकर यांनी (आडनाव मराठी वाटले तरी गृहस्थ जर्मन) कॅडमियमचा पातळ थर हवेत तापवला, तेव्हा तो पारदर्शक झाला आणि तरीही वीज वाहू देत राहिला. पारदर्शक वाहकाची ही पहिली नोंद. पुढे अमेरिकेत तापलेल्या काचेवर टिन क्लोराइडचे द्रावण फवारून टिन ऑक्साइडचा थर चढवण्याचे तंत्र आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या काचांवर बर्फ धरू नये म्हणून ते कामी आले. थरातून वीज सोडली की काच तापते आणि वैमानिकाला समोरचे दिसत राहते. १९६२ मध्ये जपानमध्ये सेइयामा आणि तागुची यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की अशा ऑक्साइडचा रोध आसपासच्या वायूप्रमाणे बदलतो. गॅसगळतीची घंटा वाजवणारी उपकरणे तिथून निघाली.

महाराष्ट्रात या विषयाचे घराणे म्हणावे ते कोल्हापूरचे. शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांनी द्रावणातून थर बसवण्याच्या पद्धती आणि प्रा. पी. एस. पाटील यांनी फवारणीची पद्धत वर्षानुवर्षे लावून धरली. दोघांचेही पद्धतींवरचे आढावा-निबंध जगभर उद्धृत होतात. त्यांचे विद्यार्थी आणि विद्यार्थ्यांचे विद्यार्थी राज्यभरच्या महाविद्यालयांत पांगले. बरेच जण दक्षिण कोरियातल्या विद्यापीठांत पोस्टडॉक करून आले. उत्तर महाराष्ट्रात दुसरे केंद्र अमळनेरचे प्रताप महाविद्यालय. तिथे प्रा. एल. ए. पाटील यांच्या गटाने वायुसंवेदकांचे काम वाढवले आणि ती शाखा नाशिक जिल्ह्यात पसरली.

पद्धती मोजक्याच आहेत. रासायनिक बाथमध्ये झिंकच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया घालतात. आधी पांढरा साका येतो, अमोनिया वाढवला की तो विरघळून द्रावण पुन्हा नितळ होते. मग ते तापवले की अमोनिया उडू लागतो, झिंक-अमोनियाचे संयुग सुटते आणि काचेवर थर धरायला लागतो. दुखणे असे, की बहुतेक झिंक काचेवर न बसता बीकरच्या तळाशी जाते. सिलार या पद्धतीत, जी निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली, काच एकदा धातूच्या आयनांत, मग पाण्यात, मग दुसऱ्या द्रावणात आणि पुन्हा पाण्यात बुडवतात. अशी आवर्तने किती केली त्यावर जाडी ठरते. संशोधक विद्यार्थ्याच्या चिकाटीची परीक्षा घेणारे काम. यंत्र नसेल तर हाताने बुडवत बसायचे. सोल-जेलमध्ये काच फिरवून किंवा बुडवून चिकट द्रावण पसरवतात आणि भाजतात. फवारणीत साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअसवर तापलेल्या काचेवर द्रावणाचे बारीक तुषार सोडतात. थेंब काचेपर्यंत पोचताना नेमका कोणत्या अवस्थेत आहे, ओला, सुका की वाफ झालेला, यावर थराची प्रत ठरते. नळीचे तोंड आणि काच यांतले अंतर, हवेचा दाब, हीटरचा चढउतार, सगळे त्यात आले. टिन क्लोराइडची फवारणी जिथे चालते तिथे आम्लाच्या वाफांनी आसपासचे लोखंड गंजते, हे त्या खोलीत पाऊल टाकताच कळते.

आता प्रकाशाची बाजू. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशकणांची ऊर्जा साधारण १.६ ते ३.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. एखाद्या ऑक्साइडचा बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, याहून मोठा असेल, तर दृश्य प्रकाशाला त्यात अडकायला जागा नाही आणि थर रंगहीन दिसतो. झिंक ऑक्साइडचा बँड गॅप सुमारे ३.३, टिन ऑक्साइडचा सुमारे ३.६. कॅडमियम ऑक्साइडचा अडीचच्या खाली, म्हणून तो पिवळसर. लोहाच्या तांबड्या ऑक्साइडचा २.१च्या आसपास, तर क्युप्रिक ऑक्साइडचा त्याहून बराच कमी, म्हणून तो काळा. तरंगलांबीवरून ऊर्जा काढायला १२४० या आकड्याला नॅनोमीटरमधल्या लांबीने भागायचे, एवढे गणित पुरते.

प्रयोगशाळेत हा बँड गॅप ताउक यांच्या १९६६च्या पद्धतीने काढतात. शोषणाचा आलेख काढायचा, त्याचा सरळ भाग खाली वाढवायचा, तो अक्षाला जिथे छेदेल तो आकडा लिहायचा. या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. जाडी मोजताना चूक झाली तरी छेदबिंदू हलत नाही, म्हणून साधनांची चणचण असलेल्या ठिकाणीही आकडा बरा येतो. मात्र सरळ भाग कुठून कुठपर्यंत धरायचा हे पट्टी हाती असलेल्याच्या मर्जीवर राहते आणि त्या मर्जीत ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट सहज इकडेतिकडे होतो. असे असताना ३.२७४ असा तीन दशांश स्थळांचा बँड गॅप छापणे ही निव्वळ हौस आहे.

दुसरा घोळ काचेचा. साध्या काचपट्टीची पारदर्शकता सव्वातीनशे नॅनोमीटरच्या खाली झपाट्याने घसरते, म्हणजे ३.८ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे जे शोषण दिसते त्यात काचेचा वाटा मोठा असतो. टिन ऑक्साइड किंवा निकेल ऑक्साइडचा बँड गॅप साध्या काचेवर ३.९ आला असे कोणी लिहिले, तर तो आकडा थराचा की काचेचा हे आधी विचारायला हवे. क्वार्ट्झ वापरले तर प्रश्न मिटतो, पण क्वार्ट्झ महाग. सच्छिद्र थराचे आणखी एक दुखणे: तो प्रकाश विखुरतो आणि विखुरलेला प्रकाश यंत्राला शोषलेला वाटतो. दुधट दिसणाऱ्या थराच्या आलेखात बँड गॅपच्या अलीकडेच शोषणाची शेपटी दिसते आणि तिचे स्पष्टीकरण मात्र घाईघाईने ‘दोषांच्या पातळ्या’ असे दिले जाते.

थरात भेसळ, म्हणजे डोपिंग केल्यावर बँड गॅप वाढला, तर त्याचे कारण बहुधा बुर्स्टाइन आणि मॉस यांनी १९५४ मध्ये सांगितलेले असते. इलेक्ट्रॉन इतके वाढतात की वाहक पट्ट्याचा तळ भरून जातो आणि नव्या इलेक्ट्रॉनला उडी मारायला आणखी वर जावे लागते. हा परिणाम खरा ठरवायचा तर इलेक्ट्रॉनांची संख्या मोजायला हवी आणि त्यासाठी हॉल परिणामाचा प्रयोग लागतो. तो न करता निव्वळ बँड गॅप सरकला म्हणून या दोघांचे नाव घेणारे निबंध विपुल आहेत.

विजेची बाजू जास्त गुंतागुंतीची आणि म्हणून जास्त रंजक. शुद्ध, निर्दोष झिंक ऑक्साइडने वीज जवळजवळ वाहू देऊ नये. प्रत्यक्षात तो इलेक्ट्रॉन बाळगून असतो. ते कुठून येतात यावर पाठ्यपुस्तके ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे बोट दाखवत आली. २००० साली व्हान दे वाले यांनी गणिताने दाखवले, की थरात शिरलेला हायड्रोजन हा इलेक्ट्रॉनांचा दाता असू शकतो. पाण्यातून बनवलेल्या थरात हायड्रोजनचा तुटवडा कधीच नसतो, त्यामुळे रासायनिक थरांच्या बाबतीत हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. इथल्या प्रबंधांतून तो क्वचितच भेटतो.

इलेक्ट्रॉन असले तरी त्यांना धावता यायला हवे. रासायनिक थर म्हणजे लहान लहान स्फटिककणांची दाटी. दोन कणांच्या सीमेवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो आणि तिथे विजेला चढण तयार होते. मुंबईहून निघालेली गाडी कसाऱ्यापर्यंत सुसाट येते, पुढची गती घाट ठरवतो. थरातला रोधही असाच कणाच्या पोटात कमी आणि सीमेवर जास्त असतो. म्हणून इंडियम-टिन ऑक्साइडच्या उत्तम थराची रोधकता ओहम-सेंटिमीटरच्या दहाहजाराव्या भागाजवळ असते, तर बाथमधून काढलेल्या, भेसळ न केलेल्या झिंक ऑक्साइडची तिच्या लाखो पट असू शकते. ॲल्युमिनियमची भेसळ, ऑक्सिजनविरहित वातावरणात भाजणे, कणांची वाढ असे उपाय केले की आकडा खाली येतो. रासायनिक थरांत फवारणीचा फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइड (एफटीओ) सर्वांत सरस ठरला. चांगल्या थरात चौरसाचा रोध (शीट रेझिस्टन्स) दहा ओहमच्या आसपास आणि पारदर्शकता ऐंशी टक्के मिळते. सौर सेलचे संशोधक जी एफटीओ काच विकत घेतात ती मूळ याच कल्पनेची कारखानी आवृत्ती.

मोजमापाकडे वळले की अडचणी सुरू होतात. चार टोकांची पद्धत आणि व्हान दर पाव यांची १९५८ची रीत उपलब्ध असूनही पुष्कळ ठिकाणी दोन चांदीच्या ठिपक्यांमधला रोध मोजून काम भागवले जाते, आणि ठिपका व थर यांच्या जोडणीचा रोध थराच्या नावावर खपतो. जाडीचा हिशेब तर आणखी नाजूक. काच आधी आणि नंतर वजन करून थराचे वजन काढायचे आणि ऑक्साइडच्या घनतेने व काचेच्या क्षेत्रफळाने भागायचे, ही सर्वांत स्वस्त रीत. साडेबारा चौरस सेंटिमीटर काचेवर तीनशे नॅनोमीटर झिंक ऑक्साइड बसले तर वजन होते सुमारे दोन मिलिग्रॅम. तराजू मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवत असेल, तर वाचनातच पाच टक्के शंका. थरात तीस टक्के पोकळी असेल तर हिशेबातले तीनशे नॅनोमीटर प्रत्यक्षात सव्वाचारशेच्या पुढे असतात आणि काढलेली रोधकता त्याच प्रमाणात खोटी ठरते, तीही नेहमी चांगल्या दिशेने. शिवाय झिंक ऑक्साइडला उजेडाची सवय आहे. दिवा बंद केल्यानंतरही त्याची वाहकता तासन्‌तास वाढलेली राहते. नमुना खिडकीजवळ होता की कपाटात, एप्रिलच्या कोरड्या हवेत मोजला की श्रावणातल्या दमटपणात, यावर उत्तर बदलते. या नोंदी निबंधांत असायला हव्यात. सहसा नसतात.

पारदर्शकता आणि वाहकता एकमेकींशी भांडतात. इलेक्ट्रॉन वाढवले की वीज वाहते, पण तेच इलेक्ट्रॉन अवरक्त आणि मग तांबड्या प्रकाशाला अडवू लागतात. थर जाड केला की रोध घटतो आणि उजेडही घटतो. या भांडणाला हाके यांनी १९७६ मध्ये एका आकड्यात बसवले. पारदर्शकतेचा दहावा घात घ्यायचा आणि चौरसाच्या रोधाने भागायचे. दहावा घात कडक आहे. पारदर्शकता नव्वदवरून ऐंशी टक्क्यांवर आली तर वरचा भाग ०.३५वरून ०.११वर येतो, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा उरतो. या कसोटीवर रासायनिक झिंक ऑक्साइड बहुधा हरतो. त्याला पडदे आणि टचस्क्रीनच्या शर्यतीत उतरवण्याचा हट्ट नाशिकसारख्या ठिकाणी धरू नये, हे बरे.

त्याची ताकद दुसरीकडे आहे. कणसीमेवर ऑक्सिजन चिकटतो हा वाहकाचा दोष, पण संवेदकाचे तेच भांडवल. हवेत एलपीजी, अमोनिया किंवा अल्कोहोलची वाफ आली, की ती या ऑक्सिजनशी भिडते, पकडलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रोध कोसळतो. कण जितके लहान तितका परिणाम ठळक. यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले, की टिन ऑक्साइडचे कण सहा नॅनोमीटरच्या खाली गेले की संवेदनशीलता एकदम वाढते. छिद्रे जास्त, तर वायूला आत शिरायला वाटाही जास्त. अमळनेर-नाशिक पट्ट्यात याच तत्त्वावर स्क्रीन प्रिंटिंगने जाड थर छापून, भाजून, मग तांब्याच्या किंवा क्रोमियमच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून त्यांचा पृष्ठभाग बदलण्याचा प्रयोग रूढ झाला. छपाई स्वस्त आणि रासायनिक बदल नेमका पृष्ठभागावर. ही जोडी हुशारीची आहे. तांब्याच्या ऑक्साइडचा लेप हायड्रोजन सल्फाइडशी भेटला की त्याचे वाहक सल्फाइड होते, म्हणून त्या वायूला असा संवेदक चटकन ओळखतो.

संवेदनेचे आकडे वाचताना मात्र एक तारतम्य लागते. एलपीजी हवेत साधारण दोन टक्के, म्हणजे दशलक्षात वीस हजार भाग झाला की स्फोटाच्या सीमेवर येतो. घंटा त्याच्या दहाव्या भागाला वाजली तरी चालते. तेव्हा एलपीजीची चाचणी हजार-दोन हजार भागांवर घेतली तर ती रास्त. अमोनियाचे तसे नाही. दिवसभराच्या कामासाठी त्याची स्वीकारलेली मर्यादा २५ भाग आहे आणि ३०० भागांना जिवाला धोका मानतात. हजार भाग अमोनियाला आमचा संवेदक उत्तम प्रतिसाद देतो, हे वाक्य म्हणून निरर्थक ठरते. तोवर माणूस नाकानेच पळालेला असतो. द्राक्षांच्या नाशिकमध्ये हा मुद्दा पुस्तकी नाही. शीतगृहांत अमोनियावर चालणारी यंत्रणा अजून वापरात आहे आणि तिथल्या गळतीला उपयोगी पडायचे तर दहा-वीस भागांवर, थंड आणि ओलसर हवेत काम करायला हवे. बहुतेक प्रयोग मात्र कोरड्या काचपात्रात, दोनशे ते चारशे अंशांवर तापवलेल्या थरावर होतात.

वाइनच्या कारखान्यांचा मोह इथे अनेकांना पडतो. आंबवणाच्या टाक्यांजवळ खरा धोका कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि हा वायू आधीच पुरता ऑक्सिडीकृत असल्यामुळे टिन ऑक्साइड त्याला जवळपास दाद देत नाही. त्यासाठी अवरक्त किरणांवर चालणारे संवेदकच वापरतात. द्राक्षांच्या खोक्यांत ठेवल्या जाणाऱ्या कागदांतून सुटणारा सल्फर डायऑक्साइड हा स्थानिक प्रश्न मात्र अजून मोकळा आहे, आणि स्थानिक प्रयोगशाळेला शोभणारा आहे.

कोल्हापूरने सच्छिद्रपणाचा वेगळा फायदा घेतला. टंगस्टन ऑक्साइडच्या थरात आयन आणि इलेक्ट्रॉन एकत्र शिरले की तो निळा होतो, काढून घेतले की पुन्हा रंगहीन. सत्येन देब यांनी हा गुण १९६९ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे काचेची छटा विजेने बदलण्याचे संशोधन त्यावर उभे राहिले. फवारणीने असे थर कोल्हापुरात दीर्घकाळ बनत आले. दुसरीकडे मँगनीज, रुथेनियम, निकेल यांच्या ऑक्साइडचे थर विद्युतभार साठवायला वापरून सुपरकपॅसिटर बनवण्याकडे बरेच लोक वळले. तिथे पारदर्शकतेशी कोणाला देणेघेणे नसते. पृष्ठभाग किती मोठा, एवढाच प्रश्न.

जिथे काम अडले आहे ती जागा म्हणजे पी-प्रकारचा पारदर्शक थर. इलेक्ट्रॉनांऐवजी होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहून नेणारे चांगले पारदर्शक ऑक्साइड जवळपास नाही. १९९७ मध्ये जपानी गटाने कॉपर-ॲल्युमिनियम ऑक्साइड दाखवले तेव्हा मोठी आशा होती. पण त्याची वाहकता इंडियम-टिन ऑक्साइडच्या जवळपासही पोचली नाही. द्रावणातून बनवलेला निकेल ऑक्साइड आज होल वाहणारा पडदा म्हणून सौर सेलमध्ये चालतो. जाडी काही दशक नॅनोमीटर ठेवली की त्याची कमकुवत वाहकता निभावून जाते.

रासायनिक बाथ मागासलेला आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी २०२१चे एक उदाहरण पुरेसे आहे. अमेरिका आणि कोरियातल्या एका संयुक्त गटाने पेरोव्हस्काइट सौर सेलची २५.२ टक्के प्रमाणित कार्यक्षमता ‘नेचर’मध्ये जाहीर केली. त्या सेलचा इलेक्ट्रॉन वाहणारा थर टिन ऑक्साइडचा होता आणि तो बाथमधूनच बसवला होता. त्यांची मेख होती, द्रावणाचा पीएच कसा सरकतो यावर नजर ठेवून प्रक्रिया नेमकी कोणत्या टप्प्यावर थांबवायची यात. हे सगळे सामान, काच, बीकर, हॉट प्लेट आणि पीएच मीटर, नाशिकच्या कोणत्याही विभागात मिळते. तिथे सहज मिळत नाही तो त्या थरावर पुढचा सेल रचण्यासाठी लागणारा कोरड्या हवेचा बंद कक्ष आणि सूर्यासारखा उजेड देणारा, प्रमाणित केलेला दिवा.